एक वीत बाहेर

९ जानेवारी

ताई,

पाकिटात दोन मेमरी कार्डं आहेत. निळ्यावर सोमवार ते बुधवारची उड्डाणं, काळ्यावर गुरुवार-शुक्रवारची. मागच्या वेळी एक कार्ड टपालात वाकलं असं तू म्हणालीस, म्हणून या वेळी कापसात गुंडाळून काडेपेटीत घातली आहेत. काड्या काढून घेतल्या आहेत.

कार्डांबरोबर पत्र लिहीत जा असं तू सांगितलंस, कारण फोनवर मी सगळ्याला 'ठीक आहे' म्हणतो. खरं आहे. तुझी आईही तेच म्हणते. तेव्हा इथलं काम कसं चालतं ते लिहितो.

सकाळी साडेसहाला मी आणि पायलटकाका मैदानावर पोचतो. जुनी बंद पडलेली धावपट्टी आहे, भेगांतून गवत वर आलं आहे. तुझ्या कागदावर चौदा खांबांच्या जागा असतात. दोन कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या आहेत. दोन्ही खुंट्यांपासून फिती ताणायच्या, आकडे जिथे जुळतील तिथे खडूची फुली करायची आणि मग खांब उभा करायचा. खांबाला स्पंज गुंडाळलेला, डोक्यावर अंतर मोजणारा डबा. दोन खांबांचं एक फाटक, अशी सात फाटकं. मला सगळ्याला दीड तास लागतो. काकांच्या मते हे पाऊण तासाचं काम आहे. त्यांनी माझं नाव मोजपट्टी ठेवलं आहे.

"अरे मोजपट्टी, ड्रोन जायचाय त्यातून, वरात नाही."

"काका, एकदा पुन्हा बघतो."

"बघ बघ. लग्नात मुलीची उंचीपण दोनदा मोज."

मग ते रिमोट गळ्यात अडकवतात, अंगठा लाल बटणावर ठेवतात आणि ड्रोन आपला आपण निघतो. ड्रोन वेडावाकडा गेला तर काकांनी बटण दाबून तो हातात घ्यायचा. पहिल्या आठवड्यानंतर आजपर्यंत एकतीस उड्डाणं झाली. बटण एकदाही दाबावं लागलं नाही. एकाही डब्यावर मीटरच्या आतला आकडा आला नाही. सर्वांत जवळचा एक मीटर बावीस सेंटिमीटर. पहिल्या आठवड्यात ड्रोन आदळला, तसं पुन्हा झालेलं नाही.

मावशीचे गुडघे बरे आहेत. तिने शेजारच्या काकूंना सांगितलं की माझी लेक बिनड्रायव्हरच्या हवाई टॅक्सीला अक्कल शिकवते. काकूंनी विचारलं, "मग धडक झाली तर भांडायचं कोणाशी?" मावशी म्हणाली, "आमच्या लेकीशी."

जेवत जा वेळेवर.

तुझा धाकटा

१७ जानेवारी

धाकल्या,

कार्डं सुखरूप. काडेपेटी बघून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी हसून घेतलं आणि मग सगळ्यांनीच ती युक्ती उचलली.

उत्तराला उशीर झाला. दिवसभर पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासते, मग माझं काम. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा मानेला रग लागलेली असते. हे सहावं वर्ष. माझ्याबरोबर सुरुवात केलेले सगळे निघून गेले, त्यांच्या मुलांची शाळासुद्धा सुरू झाली. विद्यापीठाने या वेळी लेखी कळवलंय, तीस जूनला प्रबंध आला नाही तर नाव काढून टाकू.

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते की तुझे आकडे कशासाठी लागतात. माझ्या प्रबंधाचा सगळा जीव एका वाक्यात आहे. 'ठरलेल्या मर्यादेतल्या वाऱ्यात हे यंत्र कोणत्याही अडथळ्याच्या एक मीटरच्या आत येणार नाही.' बस, एवढंच. त्यासाठी मी यंत्राला एक सवय लावलीय. पुढचं पाऊल टाकण्याआधी ते स्वतःला विचारतं, इथून काही बिनसलं तर थांबायला सुरक्षित जागा आहे का? नसेल तर ते पाऊल टाकायचंच नाही. आणि हे सगळं डोळे मिटून. धुक्यात किंवा उन्हाच्या तिरिपेत त्याला दिसणार नाही, म्हणून त्याच्या पोटात फक्त नकाशा आहे, खांब कुठे आहेत याचा. कागदावर हे मी सिद्ध केलंय. पण कागदावरचा वारा मीच सोडलेला. खरा वारा तुझ्याकडे आहे. दोनशे उड्डाणांत एकदाही मीटर मोडला नाही तर मी सुटले.

पहिल्या आठवड्यातलं मनाला लावून घेऊ नकोस. ती माझ्या प्रोग्रॅममधली चूक होती, तुझी नव्हे.

खरं सांगू का, या सगळ्यात मला एकाच गोष्टीची काळजी नाही, खांबांची. तुझ्यासारखा काटेकोर माणूस मला इथे शोधून सापडला नसता.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

एकशे अठरा उड्डाणं झाली. तीन कार्डं पाठवतो आहे.

मंगळवारी दुपारी वारा उठला होता. सातव्या फाटकापाशी दोन पत्र्याच्या शेड आहेत, त्यांच्या मधल्या बोळातून वारा नळीतून यावा तसा येतो. ड्रोन उजवीकडे ढकलला गेला. काकांचा अंगठा बटणावर पांढरा पडलेला मी पाहिला. पण ड्रोन सावरला आणि पार झाला. डब्यावर एक मीटर पाच. काका म्हणाले, "तुझ्या ताईने याला चांगलं वळण लावलंय. माझ्या मुलाला लावायला हवं होतं."

आता आम्ही दोघंही दमतो. सकाळी खांब, दुपारी खांब. प्रत्येक खांबाच्या बुडाला वाळूची गोणी. माझे खांदे इतके दुखतात की शर्ट चढवताना मावशीला बोलवावं लागतं. पण कामात कसूर नाही. खांब मी फार जपून लावतो ताई, कागदात आहे त्याहूनही जपून. तुझं काही वाकडं होऊ नये एवढंच डोक्यात असतं.

तुझ्या पत्रातलं ते खांबांचं वाक्य मावशीने मला तीनदा वाचायला लावलं. मला बरं वाटलं नाही. का ते माहीत नाही, थकवा असेल.

तुझा धाकटा

२८ फेब्रुवारी

धाकल्या,

'कागदात आहे त्याहूनही जपून' हे वाचून हसू आलं. तू पाचवीत भूगोलाच्या नकाशात नदीचा एक फाटा जास्त काढला होतास, पुस्तकातल्या नदीला पुरेसं पाणी मिळत नसेल म्हणून. बाईंनी शून्य दिलं होतं. आठवतं?

तुझे आकडे बघतेय. डबे जुने झालेत बहुतेक. फाटकाच्या दोन्ही डब्यांचे आकडे आणि ड्रोनची रुंदी मिळवली की बरोबर चार मीटर यायला हवेत, येतात त्याहून जास्त. असो. डबे बदलायला आता ना वेळ आहे ना अंगात जोर. मीटर मोडत नाही, तेवढं पुरे.

बातमी अशी की परवा कंपनीची माणसं आली होती, मोठं यंत्र बनवणारी. ज्यात माणूस बसतो, तसलं. माझा प्रोग्रॅम ते त्यात घालणार. दोनशे उड्डाणं निर्दोष झाली की मे महिन्यात पहिल्यांदा माणूस बसवून उडवायचं ठरलंय. माझे मार्गदर्शक सर एरवी कोणाचं कौतुक करत नाहीत, पण त्यांच्यासमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचा मीटर आहे तो." मी हसले. मग शौचालयात जाऊन दहा मिनिटं नुसती भिंतीला टेकून उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. पाय दुखत होते एवढंच कळलं.

खांद्याला शेक घे. आईला सांग, तुझा शर्ट चढवताना बडबड करू नकोस.

ताई

२ एप्रिल

ताई,

दोनशे बारा उड्डाणं पूर्ण झाली. शेवटची दोन कार्डं सोबत आहेत. मीटर एकदाही मोडला नाही. सर्वांत जवळचा आकडा तोच, फेब्रुवारीतला, एक मीटर पाच.

इथे एक गोष्ट झाली. कंपनीची माणसं मैदान बघायला आली होती. मोठ्या यंत्रात पहिल्यांदा बसायला त्यांना असा माणूस हवा होता जो घाबरणार नाही आणि ज्याला यंत्राचं वागणं माहीत आहे. त्यांनी पायलटकाकांना विचारलं. काकांनी प्रश्न पुरता होऊ दिला नाही, हो म्हणाले. त्यांना एक जॅकेट दिलं आहे, छातीवर पंख शिवलेलं. काका ते घालूनच मैदानावर येतात. इतक्या उकाड्यात.

"चाळीस वर्षं रिमोटची विमानं उडवत खालून वर बघतोय," ते मला म्हणाले. "मान मोडली माझी. आता जरा वरून खाली बघीन. तू खालून हात कर, मोजपट्टी. दोनदा कर, तुझी सवय आहे."

मी हसलो.

एक विचारतो. खांब कागदावरच्या जागेपासून जरासा हलला तर तुझ्या लिखाणात काही फरक पडतो का? नुसतं माहितीसाठी विचारतो आहे.

तुझा धाकटा

७ एप्रिल

धाकल्या,

दोनशे बारा! आईला सांगितलंस ना? मी पाचवं प्रकरण लिहून संपवतेय.

खांबाचं विचारलंस. हलला तर सगळाच फरक पडतो रे. असं बघ, ड्रोनला दिसत नाही. त्याला वाटतं खांब नकाशातल्या जागी आहे, आणि वारा त्याला बाजूला ढकलतो. तो किती ढकलला गेला हे खरा खांब सांगतो. आता खांबच वाटेपासून लांब सरकवून ठेवला, तर ड्रोन वाहवत गेला तरी खांबाला वाटणार, छान लांबून गेला. म्हणजे परीक्षा देणारा तोच, पण मोजणारा फितूर. आंधळ्याला रस्ता ओलांडायला लावायचा आणि रस्ताच रिकामा करून ठेवायचा, तसं.

पण एखादा खांब एखाद्या दिवशी वाऱ्याने सरकला असेल तर हरकत नाही, तेवढं दोनशेत मिसळून जातं. त्याचंच विचारतोयस ना?

काकांना माझ्याकडून सांग, पट्टा नीट बांधा.

ताई

११ एप्रिल

ताई,

चार दिवस हे पत्र लिहितो आणि फाडतो आहे. आता जे येईल ते पाठवणार आहे.

एखादा खांब नाही. चौदाच्या चौदा. एखाद्या दिवशी नाही. रोज.

पहिल्या आठवड्यात ड्रोन तिसऱ्या फाटकाच्या खांबावर आदळून फुटला तेव्हा तू इथे होतीस. तू रडली नाहीस. खाली बसून एकेक तुकडा वेचून रुमालात ठेवत होतीस, आणि मी मदतीला वाकलो तर म्हणालीस, "राहू दे, मला सवय आहे." ते मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी फिती ताणल्या, फुली केली, आणि खांब फुलीवर न ठेवता तिच्यापासून एक वीत बाहेर ठेवला. फाटक जरा मोठं. वाटलं, एवढ्याने कोणाचं काय जातं, निदान ताईचा ड्रोन तरी वाचेल. मला तेव्हा ते वाक्य माहीत नव्हतं, मीटरचं. मला वाटलं की काम ड्रोन न फुटण्याचं आहे.

जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा कळायला हवं होतं. थोडं कळलंही. पण तोवर एकतीसच्या वर उड्डाणं झाली होती आणि तू लिहिलं होतंस की काळजी नाही ती फक्त खांबांची. मग मला खांब पुन्हा फुलीवर ठेवता येईना. ठेवला आणि मीटर मोडला तर? रोज सकाळी हातात खांब घेऊन मी फुलीवर उभा राहायचो, आणि हात आपोआप बाहेर जायचा. काकांना माहीत नाही. ते त्या वेळी रिमोटची बॅटरी बघत असतात.

एकच गोष्ट माझ्या बाजूची आहे, तीही बाजूची आहे की नाही कळत नाही. मी वीत अंदाजाने घेतली नाही. माझी वीत मोजून एकवीस सेंटिमीटर आहे. प्रत्येक खांब लावल्यावर मी फुलीपासून तो किती बाहेर आहे ते फितीने मोजून वहीत लिहायचो. दोनशे बारा उड्डाणं, चौदा खांब, सगळे एकवीस. तीन वेळा बावीस आहे, तिथे खाली भेग होती. वही सोबत पाठवतो आहे. कशासाठी लिहीत होतो ते विचारू नकोस. मला न लिहिता झोप येत नाही.

तू तीस जून म्हणाली होतीस. मी काय केलं ते मला कळतं. पण काका मे महिन्यात त्यात बसणार आहेत. मला हे आधीच लिहायला हवं होतं. ते जॅकेट घालून आले नसते तर कदाचित आजही लिहिलं नसतं. हेही खरं आहे.

धाकटा

२ मे

ताई,

तीन आठवडे झाले. पोस्टात जाऊन विचारलं, पाकीट पोचल्याची नोंद आहे. फोन तू उचलत नाहीस आणि मावशीशी बोलताना माझं नाव काढत नाहीस. मावशीला वाटतं आपलं काहीतरी जुनं भांडण आहे. तिने दोन दिवस मला वाढताना तोंड पाडून वाढलं.

कंपनीने काकांना निरोप दिला, बसण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे, जॅकेट परत करा. कारण सांगितलं नाही. त्यावरून मला कळलं की तू पत्र वाचलं आहेस.

काकांनी जॅकेटची घडी घातली. मग म्हणाले, "वय नडलं बहुतेक. साठीच्या माणसाला कोण बसवतंय." मला ते ऐकवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फुली बघितली, मग माझा हात बघितला. म्हणाले, "मला विचारलं असतंस तर." आणि निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. कामावर येतात, रिमोट साफ करतात, जातात. मोजपट्टीसुद्धा म्हणत नाहीत.

तू शिव्या दिल्यास तरी चालेल. पण लिही.

धाकटा

६ मे

धाकल्या,

शिव्या देणार होते. तीन दिवस तुझं पत्र टेबलावर उपडं घालून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी वही उघडली.

आता माझं ऐक, कारण हे मी अजून आईलाही सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं की डबे जुने झालेत. तेव्हा मी फाटकाची बेरीज एकदा नव्हे, तीस वेळा करून पाहिली होती. बेचाळीस जास्त. प्रत्येक फाटकात, प्रत्येक उड्डाणात, बेचाळीस. बिघडलेला डबा इतक्या शिस्तीत बिघडत नाही रे. पहिल्या वर्षाच्या पोराच्या पेपरात हे दिसलं असतं तर मी लाल शाईने गोल केला असता. मला त्याच वेळी दिसलं की खांब सरकलेत. मी स्वतःला म्हटलं, डबे असतील, आणि पुढचं पान उलटलं. इतकी दमले होते की खरं काय ते मला नकोच होतं. तू विचारलंस, 'खांब हलला तर?' तेव्हाही मला कळलं होतं तू काय विचारतोयस. म्हणून मी तुला उत्तर देता देता बाहेर पडायला दार उघडून दिलं, 'एखादा सरकला असेल तर हरकत नाही.' तू त्या दारातून गेला नाहीस. मी तुझ्यापेक्षा चौदा वर्षं जास्त शिकलेय.

तेव्हा तुझ्या वहीतले एकवीस प्रत्येक आकड्यातून वजा केले. दोनशे बारापैकी एकोणीस उड्डाणांत मीटर मोडतो. एकोणीसही सातव्या फाटकात, शेडच्या वाऱ्यात. माझ्या गणितातला वारा सरळ वाहतो, बोळातून येणारा वारा तसा वाहत नाही. लहान ड्रोनला थोडं कमी-जास्त चालतं. मोठ्या यंत्राला तेवढ्यात पाती घासतात.

वही घेऊन सरांकडे गेले. सगळं सांगितलं, डब्यांचंही. कंपनीला त्यांनी तिथल्या तिथे फोन केला. मग मला म्हणाले, "वही कोणाची? शिकलेला आहे का?" मी म्हटलं, शाळा अर्ध्यात सोडलीय. ते म्हणाले, "म्हणजे ही वही खरी की खोटी हे मला कसं कळणार?"

त्यांनी मार्ग सांगितला तो असा. दहा उड्डाणं पुन्हा करायची, खांब फुलीवर. वही खरी असेल तर शेडच्या वाऱ्यात सातव्या फाटकाला सर्वांत जवळचा आकडा किती यायला हवा, ते मी हिशोबाने काढलंय. तो आकडा सरांनी पाकिटात बंद करून कपाटात ठेवलाय. जुळला तर तुझी वही खरी, दोनशे बारा उड्डाणं उभी राहतात, आणि मी प्रबंध लिहिते, लहान वाक्याचा का होईना, तीस जूनच्या आत. नाही जुळला तर सगळं केरात, आणि मी बॅग भरून घरी.

आकडा तुला सांगणार नाही. तुला माहीत असला तर तुझा हात मला मदत करेल.

ताई

२४ मे

ताई,

दहा उड्डाणं झाली. कार्ड सोबत आहे.

खांब फुलीवर ठेवायला मला पहिल्या दिवशी अडीच तास लागले. हात बाहेर जायचा, मी परत आत आणायचो. मग आत जास्त गेला का म्हणून पुन्हा मोजायचो. किती आला म्हणजे तुझ्या बाजूचा, हे मला माहीत नाही. मीटर मोडावा की मोडू नये, काय मागावं तेच कळत नव्हतं. म्हणून काहीच मागितलं नाही. अशी सकाळ मी कधी पाहिली नव्हती.

मी सगळं सांगितल्यापासून तेविसाव्या दिवशी काका बोलले. मी चौथ्या फाटकापाशी तिसऱ्यांदा फीत ताणत होतो. ते आले, फितीचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि खुंटीला दाबून धरलं. म्हणाले, "वाच."

"चौदा मीटर बत्तीस."

"कागदात काय आहे?"

"चौदा बत्तीस."

"मग उठ. तुझ्या तोंडाकडे बघून वारासुद्धा पडेल."

वारा खरंच पडला होता. तीन दिवस आम्ही त्याची वाट बघत बसलो. शेडच्या सावलीत काका रिमोट मांडीवर घेऊन डुलक्या काढायचे. सात उड्डाणं साध्या हवेत झाली, त्यांत काही नाही, सगळे आकडे मीटरच्या वर. आठव्यापासून बोळातून वारा सुरू झाला. नवव्या उड्डाणाला ड्रोन सातव्या फाटकात शिरला आणि सरकला. सरकताना मी पाहिला. काकांचा अंगठा बटणावर होता, त्यांनी दाबलं नाही. ड्रोन पार झाला. मी खांबावरचा डबा काढून आणला.

"किती?" काकांनी विचारलं.

"त्र्याऐंशी."

"मीटर त्र्याऐंशी?"

"नुसते त्र्याऐंशी."

त्यांनी डबा हातात घेऊन आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "कुठल्या बाजूचा खांब?"

"उजव्या."

"मोठ्या यंत्रात डावीकडे वजनाच्या पिशव्या ठेवणार होते," ते म्हणाले. "मी उजवीकडे."

त्यांनी रिमोट पुन्हा गळ्यात घातला. "चल, एक राहिलंय," म्हणाले.

दहाव्याला सत्त्याऐंशी आला. हे दोन्ही आकडे मी डब्यावरून तीनदा वाचले आणि काकांकडून एकदा वाचून घेतले. ते कार्डावरही आहेत. ते चांगले की वाईट, ते तूच कळव.

धाकटा

३ जून

धाकल्या,

सरांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं. आत माझ्याच अक्षरात चौऱ्याऐंशी होते.

त्यांनी शेजारी तुझे त्र्याऐंशी लिहिले आणि खाली सही केली. तुझी वही त्यांनी आपल्या टेबलावर ठेवून घेतलीय, परत देतील असं वाटत नाही. प्रबंधात शेवटी तिच्या पानांच्या प्रती लागणार आहेत, सगळ्या, भेगेवरच्या तीन बाविसांसकट. डब्यांबद्दल मी जे केलं तेही लिहावं लागलं. ती दोन पानं लिहायला मला चार दिवस लागले.

जुनं वाक्य गेलं. नवं कसं लिहायचं यावर आम्ही दोघं सकाळपासून बसलो होतो. मी लिहायची, सर खोडायचे. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बाई, सोपं सांगा. तुम्ही स्वतः यात बसाल का?"

मी विचार केला. खरंच केला. म्हटलं, "फाटक पाच मीटरचं असेल, शेजारी शेड नसेल आणि वारा पडलेला असेल, तर बसेन."

"मग तेवढंच लिहा," सर म्हणाले.

तेवढंच लिहिलं.

ताई